निळ्या ट्रकला ब्रशलेस मोटर

७ एप्रिल, रविवार. सकाळ.

दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समागची पायवाट आज पुन्हा आठवली. मे महिन्याची दुपार. मी पाचवीत, सत्या पहिलीत. आप्पांनी डालड्याच्या डब्याला बूट पॉलिशच्या डब्यांची चाकं लावून ट्रक करून दिला होता. परकराची नाडी बांधून मी पुढून ओढायची, सत्या मागून रांगत ढकलायचा. आप्पांची नाइट ड्यूटी झालेली, ते आत झोपलेले, म्हणून आई सारखी खिडकीतून श्श करायची. वळणावर डबा उलटला. तू उलटवलास, नाही तू उलटवलास, असं आमचं सुरू झालं. आप्पा बनियनवरच बाहेर आले. आम्हाला वाटलं, आता मार. त्यांनी नियम केला. ज्याच्या हातून उलटला त्याने हात लावायचा नाही, दुसऱ्याने येऊन सरळ करायचा. लोको शेडमध्ये असंच असतं म्हणाले. खरंच असतं, की झोपमोड झाल्यामुळे सुचलं, कोण जाणे. मग ते परत जाऊन झोपले. एवढंच. यात आठवण्यासारखं काही नाही, पण आठवतं.

करोनाच्या वर्षी सत्याने रिमोटवर चालणारे दोन मॉन्स्टर ट्रक मागवले. हातभर लांब, चाकं भाकरीएवढी. लाल त्याला, निळा मला. म्हणाला, ताई, एका डब्यावरून लई भांडलो, आता एकेक घे. तेव्हापासून दर एक जूनला आम्ही दौंडच्या मैदानावर शर्यत लावतो. एक जून म्हणजे आप्पांचा वाढदिवस, शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठरवून दिलेला. गोलपोस्टपासून मधल्या मातीच्या ढिगावरून कडुनिंबापर्यंत. नियम आप्पांचाच. आजवर दर वर्षी सत्या जिंकला. हे इथे लिहायची गरज नव्हती, पण कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ऍग्नेसने प्रामाणिकपणा शिकवला आहे.

यंदा मी ब्रशलेस मोटर बसवणार. जुन्या मोटरमध्ये कार्बनचे दोन ब्रश घासत राहतात, झिजतात, तापतात. ब्रशलेसमध्ये झिजायला काही नाहीच. व्हिडिओतला मुलगा म्हणाला, लाइफटाइम. हा शब्द मला फार आवडला.

सत्या काल फोनवर म्हणाला, ताई, यंदा शर्यत राहू दे, जमंलसं वाटत नाही. म्हणजे त्याला सुगावा लागला. कुठून लागला?

त्याचं डायलिसिस चालू आहे, सोमवार-बुधवार-शुक्रवार. पण ते तात्पुरतं. किडन्यांना विश्रांती मिळाली की त्या कामाला लागतील. माझी एक मी देणारच होते. पुण्याच्या डॉक्टरांनी माझी शुगर पाहून नको म्हटलं. डॉक्टर फारच तरुण आहेत. शुगर खाली आणते आणि पावसाळ्यात पुन्हा जाऊन त्यांना रिपोर्ट दाखवते.

निश्चय: साखर बंद. आंबा बंद. मोटर बदलणे.

८ एप्रिल

ऑर्डर दिली. मोटर, तिला चालवणारा कंट्रोलर आणि मोठी बॅटरी. बिनसाखरेचा चहा घेतला. वाईट नाही लागला.

संध्याकाळी शेजारच्या झेंडूच्या मळ्यातल्या सिंधूबाईकडे गेले. तिने गुळाचा दिला. गूळ म्हणजे साखर नव्हे.

१३ एप्रिल, शनिवार

पार्सल आलं. मोटर अंजिराएवढी आहे, पण वजनदार. माहितीपत्रक पाहून मात्र डोकं उठलं. असलं इंग्रजी मी जन्मात वाचलं नाही. आर्टिकल नाहीत, क्रियापदं वाटेल तिथे टाकलेली. सिस्टर ऍग्नेसने हे लिहिणाऱ्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. लाल पेन घेऊन बसले. ‘फर्स्ट पॉवर टाइम प्लीज व्हील लीव्ह ग्राउंड’ असं एक वाक्य आहे. ते नीट केलं. दोन पानं पूर्ण शुद्ध झाली. समाधान वाटलं. आजचं काम भरपूर झालं.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी विहारात, संध्याकाळी मिरवणूक. मोटरला हात लावला नाही, आजच्या दिवशी ते बरं दिसलं नसतं.

सत्याचा फोन आला. जय भीम ताई, म्हणाला आणि थांबला. आवाज बारीक येत होता. मागे डीजे असणार. नीलम, म्हणजे त्याची बायको, म्हणाली, यंदा त्यांनी मिरवणूक गॅलरीतून बघितली. बरं केलं. खाली उन्हाचा त्रास होतो.

१८ एप्रिल, गुरुवार

जुनी मोटर काढली, नवी बसवली. व्हिडिओत अडीच तासांचं काम म्हणाले होते, मला दिवस लागला, कारण मी व्यवस्थित करते. शेवटी एक स्क्रू उरला. कंपनी जास्तीचे देत असणार.

वायरींची टोकं बसेनात, म्हणून शिरूरच्या बाजारपेठेत विनोदकडे गेले. तो विहिरीवरच्या मोटारी भरतो. त्याने मोटर तळहातावर घेऊन हुंगली. म्हणाला, मॅडम, ह्याला तीन वायरी हायती म्हंजी ही आपल्या पंपाचीच जात. जळली तर टाकू नका, आणा. तांब्याची तार भरून पाच हॉर्सपॉवरची करून देतो. मी म्हणाले, अरे, ती अंजिराएवढी आहे. तो म्हणाला, मग तीन करतो.

वायरींना कथलाचे डाग मात्र छान लावून दिले. वायरी मी रंगाला रंग बघून जोडल्या. निळीला निळी, पिवळीला पिवळी. यात चूक व्हायला जागाच नाही.

जुनी मोटर चहाच्या डब्यात ठेवली. टाकवली नाही. चार वर्षं काम केलंय तिने.

२० एप्रिल

चाचणी. ट्रक जेवणाच्या टेबलावर ठेवला, बॅटरी जोडली, रिमोटचा बंदुकीसारखा घोडा जरासा दाबला. ट्रक मागच्या मागे उडाला आणि माठात गेला.

माठ जुनाच होता. नाहीतरी बदलायचा होता.

लाल पेनने दुरुस्त केलेलं ते वाक्य पुन्हा वाचलं. पहिल्यांदा चालू करताना चाकं जमिनीपासून उचललेली असावीत. वाक्य आता अगदी निर्दोष आहे.

२१ एप्रिल

ट्रक उलटा धावतो. पुढे दाबलं की मागे, मागे दाबलं की पुढे. दिवसभर विचार केला. मग उपाय सुचला. वरचं प्लास्टिकचं कवच चार पिनांवर असतं. ते काढून उलट्या तोंडाने बसवलं. आता ट्रक सरळ धावतोय असं दिसतं. वळायचं तेवढं मागच्या चाकांनी वळतो. पण रांजणगावच्या कारखान्यांत माल उचलणाऱ्या गाड्या तशाच वळतात, मी पाहिल्या आहेत.

यालाच इंजिनिअरिंग म्हणत असावेत. आप्पा असते तर खूश झाले असते.

२४ एप्रिल, बुधवार

विसरले आणि डायलिसिसच्या वेळेतच सत्याला फोन लावला. त्याने उचलला. म्हणाला, ठेवू नको, चार तास छताकडं बघत पडायचंय, काहीतरी सांग. मी त्याला कवच फिरवल्याचं सांगितलं. माझं गुपित होतं, पण त्याला काहीतरी सांगायला हवं होतं.

तो हसायला लागला. थांबेना. इतका हसला की हात हलला आणि मशीन टीं टीं करायला लागलं. पलीकडून नर्स ओरडली, ओ काका, सुई निघंल ना! मग दम खात म्हणाला, ताई, तीन वायरींपैकी कुठल्याही दोन आपसात बदल की गं. मोटर सरळ फिरंल. रंगाचं काय घेऊन बसलीस.

बदलल्या. सरळ फिरली.

शत्रूची मदत घ्यावी लागली, पण हे त्याने का सांगितलं असेल? शर्यत होणारच हे धरूनच ना. म्हणजे येणार आहे. नको नको म्हणणं हा डाव आहे.

२८ एप्रिल, रविवार. दौंडहून परत.

एसटीने न्हावऱ्यावरून गेले. बरोबर आंब्यांची पेटी. सत्याला आंबा म्हणजे जीव की प्राण. लहानपणी कोय चोखून वाळवायचा आणि तिला डोळे काढायचा.

नीलमने पेटी बघितली. मग मला आत नेऊन हळूच म्हणाली, ताई, आंबा चालत न्हाई त्यांना. पाणीसुद्धा मापून द्यावं लागतं. नारळपाणी न्हाई, टोमॅटो न्हाई. मी म्हणाले, अर्धा? ती म्हणाली, फोडसुद्धा न्हाई.

मग पेटीचं काय करायचं? नीलमला आंबा विशेष आवडत नाही. परत आणायचं ओझं. दोन तिथे खाल्ले, दोन एसटीत. हे आंबे निश्चयात धरायचे नाहीत, कारण ते माझ्यासाठी आणलेच नव्हते.

सत्याचा डावा हात दंडापाशी फुगलाय, डायलिसिसची सुई टोचायला तिथे शिरा जोडल्यात. त्यावर हात ठेवला की आत रक्त घुर्र घुर्र वाजतं. त्याने माझा हात धरून तिथे ठेवला. म्हणाला, बघ, ब्रशलेस. सकाळ-संध्याकाळ वजनकाट्यावर उभा राहतो. किलो वाढलं की पाणी साठलं. मी म्हणाले, तू चांगला बारीक झालास, छान दिसतोस. नीलमने माझ्याकडे पाहिलं. का ते कळलं नाही.

लाल ट्रक कपाटावर होता. धूळ होती. मी पुसला नाही. प्रतिस्पर्ध्याच्या गाडीला हात लावू नये.

निघताना म्हणाला, ताई, यंदा एकटीच पळव, मी खिडकीतून बघतो. खिडकीतून मैदान दिसतही नाही.

५ मे

घोड नदीच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यावर पहिली खरी धाव. काय तो वेग! घोडा दाबला आणि पुढची दोन चाकं हवेत. तीन श्वास घेईपर्यंत ट्रक रस्ता सोडून सिंधूबाईच्या झेंडूत.

सिंधूबाई पाटी घेऊन फुलं तोडत होती. कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, बाई, तुमचं गाडं सुटलंय का काय? ही सरी बघा, औत धरल्यागत झालीया. मी म्हणाले, चाचणी होती, सॉरी. ती म्हणाली, तुम्ही रिटायर झाला न्हवं? मग त्याला येवढी घाई कुठं जायाची? मी समजावून सांगितलं की एक जूनला भावाशी शर्यत आहे. ती म्हणाली, दौंडच्या? त्ये आजारी हायती न्हवं? मी म्हणाले, आजारी असं नाही, ट्रीटमेंट चालू आहे.

ती खाली वाकली. तुटलेली फुलं पदरात घेतली. मग म्हणाली, घेऊन जा त्येंच्यासाठी. झेंडू तरी चालतो का?

मोठा दातेरी गिअर प्लास्टिकचा होता. त्याचे दात गेले. लोखंडी मागवला. प्रगती आहे.

११ मे

लोखंडी गिअर बसवला. आता त्याच्या पुढचा दांडा मुडपला. कंपनीच्या माणसाला फोन केला. म्हणाला, मॅडम, एक पार्ट मजबूत केला की जोर त्याच्या पुढच्या पार्टवर जातो. पुढचा बदलला की त्याच्या पुढच्यावर. जुन्या ट्रकला नवी मोटर पेलत नाही. त्याच्या बोलण्याचा सूर मला आवडला नाही. सगळेच दांडे मागवले.

शुगर तपासली. वाढली आहे. लॅबचं मशीन बदलायला हवं. उद्यापासून सकाळी चालणे.

१२ मे

चालायला गेले होते. वाटेत सिंधूबाईचा चहा.

१७ मे, शुक्रवार

दांडे बसवले. त्यात दोन दिवस गेले, कारण उरलेला स्क्रू कुठला ते आत्ता कळलं. तो मोटरचा होता.

नवी अडचण. मोटर हळू चालत नाही. हळू दाबलं की जागच्या जागी थरथरते, थरथरते, आणि मग एकदम उडी मारते. जुनी कशी मुंगीसारखी सरकायची. कंपनीवाला म्हणतो, या प्रकारच्या मोटरचा तो स्वभावच आहे, त्याला सेन्सरवाली घ्यावी लागते. मला वाटतं ही उत्सुकता आहे. शर्यतीच्या घोड्याचंही असंच असतं.

दुपारी नीलमचा फोन. आता हृदयाचं पंपिंग कमी झालंय म्हणतात. डॉक्टर म्हणाले, किडनीचा ताण त्याच्यावर येतोय. मी म्हणाले, त्यांना दुसरं औषध द्यायला सांग. ती म्हणाली, ताई, औषधं चालूच हायत. मी म्हणाले, मग डोस. ती म्हणाली, तुम्ही एकदा येऊन जावा.

एक जूनला येणारच आहे. दोन-दोनदा कशाला?

२३ मे. बुद्ध पौर्णिमा.

वंदना घेतली. खीर केली. वाटीभर खाल्ली, प्रसाद म्हणून. दुसरी वाटी उरली होती म्हणून.

सत्याला फोन केला, लागला नाही. नीलमला केला. तिने उचलला तेव्हा मागे कुणाचं तरी नाव पुकारत होते. रात्री श्वास लागला, ऍडमिट केलंय. फुप्फुसात पाणी झालं होतं, मशीनने काढलं. आता बरं हाय. तुम्ही काळजी करू नका, असं तीच मला म्हणाली.

उन्हाळ्यात होतं असं. पाणी जास्त प्यायला असेल. मी त्याला रागावणार आहे.

ट्रक आज पळवला नाही. बॅटरी चार्ज केली, उतरवली, परत चार्ज केली.

२५ मे

मी काय म्हणते, मोटर बदलता येते, गिअर बदलता येतो, दांडे बदलता येतात. माझी शुगर खाली आली तर डॉक्टर पुन्हा विचार करणारच. का नाही करणार?

दुसऱ्या पेटीत शेवटचे दोन आंबे होते. सिंधूबाईला देऊन टाकले. हे मात्र खरं.

२७ मे, सोमवार

सत्या घरी आला. बरा आहे. मी म्हटलंच होतं.

३० मे

त्याने स्वतः फोन केला. म्हणाला, येतो ताई मैदानावर. शनिवार हाय, शनिवारी मशीन न्हाई. नीलम खुर्ची आणंल. तू तुझं ते रॉकेट घेऊन ये.

म्हणजे आला ताळ्यावर! इतके दिवस नको नको, आणि आता? लाल ट्रकमध्ये त्याने काही केलं असावं का? सावध राहायला हवं. सुरुवातीलाच पूर्ण घोडा दाबायचा, ढिगावरून उडी, आणि तो वळेपर्यंत मी कडुनिंबाखाली. बक्षीस म्हणून त्याच्याकडून आप्पांची शेडमधली शिट्टी मागणार. किती वर्षं देत नाही.

सिंधूबाईने झेंडूचा हार दिला. म्हणाली, जिंकलात तर गाडीला घाला. हरलात तर भावाला घाला.

१ जून, शनिवार. संध्याकाळ, दौंड.

निकाल: मी जिंकले.

सविस्तर लिहिते. सकाळी आठला मैदानावर. सत्या रिक्षातून आला. रिक्षा थेट गोलपोस्टपर्यंत घ्यावी लागली. नीलमने प्लास्टिकची खुर्ची मांडली, वर छत्री धरली. मी म्हणाले, सत्या, तू अगदी प्रमुख पाहुण्यासारखा दिसतोस. तो म्हणाला, मग वाकून नमस्कार कर. मी त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे. तरी केला, गंमत म्हणून. वाकले तेव्हा त्याचे पाय दिसले. सुजून चपलेच्या बाहेर आले होते.

लाल ट्रक तसाच होता. काही बदललेलं नव्हतं. धूळसुद्धा.

नीलमने एक, दोन, तीन म्हटलं. मी पूर्ण घोडा दाबला. निळा ट्रक पुढची चाकं उचलून सुटला, ढिगावर चढला, हवेत गेला. सत्या वा ताई, वा, असं ओरडला. मग ट्रक टपावर पडला. चाकं वर. चारही चाकं हवेत गरगर फिरत राहिली, काय तो वेग.

लाल ट्रक तोवर गोलपोस्टपासून पाच पावलंसुद्धा आला नव्हता.

आता नियम. माझ्या हातून उलटलेला, मी हात लावायचा नाही. सत्याने रिमोट मांडीवर ठेवला आणि खुर्चीचे दोन्ही हात धरले. उठायला लागला. अर्धा उठला, तसाच थांबला. नीलमने माझ्याकडे पाहिलं, तसंच, आंब्याच्या दिवशी पाहिलं होतं तसं. आज मला कळलं.

मी म्हणाले, बस रे. मी करते सरळ. राहू दे नियम.

तो बसला. जोरात श्वास घेत होता. म्हणाला, आप्पांचा नियम हाय. तू सरक बाजूला.

आणि लाल ट्रक हळूहळू यायला लागला. मुंगीसारखा, जुन्या ब्रशच्या मोटरवर, ढिगाला वळसा घालून. थांबत, सरकत. माझ्या ट्रकपाशी आला आणि त्याला नाकाने ढोसलं. सरळ काही होईना. दोनदा, तीनदा. मग त्याने तो तसाच ढकलायला सुरुवात केली. उलटाच, टपावर घसटत. मातीत दोन रेघा उठत होत्या. घासल्याचा आवाज तोच, अगदी तोच, डालड्याच्या डब्याचा. आत कुणी झोपलेलं नव्हतं, तरी मला श्श म्हणावंसं वाटलं.

मी ट्रकच्या पुढे चालत होते. हातात नाडी नव्हती, एवढंच.

खूप वेळ लागला. क्रिकेटवाले खेळायचे थांबले. एक कुत्रं बराच वेळ बरोबर आलं आणि कंटाळून गेलं. कडुनिंबाखालच्या रेषेवरून आधी माझा ट्रक गेला, उलटा, आणि मागून त्याचा. सत्या खुर्चीवरून ओरडला, आवाज पोचेना म्हणून नीलमने सांगितलं. ते म्हणतायत, रेषा आधी तुमच्या गाडीनं ओलांडली. ताई जिंकल्या.

सिंधूबाईचा हार पिशवीत राहिला. कुणाला घालायचा ते ठरेना.

२ जून, रविवार. पहाट, दौंड.

काल मैदानावरच, छत्रीखाली, सत्याने काही गोष्टी सांगितल्या. मी म्हणाले, मूर्खासारखं बोलू नकोस, अजून वीस वर्षं आहेत. तो म्हणाला, मग वीस वर्षांनी वाच, पण लिही. तू लिहितेस म्हणून तुला सांगतोय. मी आज लिहीन म्हणाले होते. लिहिते.

आप्पांची शिट्टी ताईला. आधीच द्यायला हवी होती, पण तिने ती फार वाजवली असती.

वजनकाटा पण ताईला. आंबा खायच्या आधी त्यावर उभं राहायचं, नंतर नाही. आणि पुण्याच्या त्या डॉक्टरांकडे पुन्हा जायचं नाही. ते बरोबर बोलले होते. शुगर तिने स्वतःसाठी खाली आणायची.

ब्रशलेस मोटर शिरूरच्या विनोदला. त्याने तिची तीन हॉर्सपॉवरची करून दाखवावी, आणि केलीच तर सिंधूबाईच्या विहिरीवर बसवावी. झेंडूची भरपाई.

हार सिंधूबाईला परत न्यायचा आणि सांगायचं की झेंडू चालतो.

लाल ट्रक ताईला. त्याला काहीही नवं बसवायचं नाही. जसा आहे तसा. हळू चालतो तो.

निळा ट्रक नीलमला, चहाच्या डब्यातली जुनी मोटर परत बसवून. मी म्हणाले, नीलमला कशाला, तिला यातलं काही कळत नाही, तिने कधी रिमोट हातात धरलेला नाही. सत्या म्हणाला, दोन महिने झाले, शुक्रवारी मशीनवरनं घरी आलो की लाल गाडीवर तिला शिकवतोय, ती खाली अंगणात, मी गॅलरीतनं, तुझ्या चोरून. गाडीवरची धूळ तिथलीच. वळवायला येतं आता. मी म्हणाले, पण कशाला?

तो म्हणाला, आगं, तुझा उलटला तर सरळ कोण करणार?